न्त्लोलेचे कान

रेसेगोला ऐकू येतं की नाही, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तेव्हा ती माझ्या मांडीवर दूध पीत होती आणि अंगणात पत्र्याची बादली वाऱ्याने आडवी होऊन खडखडत गेली. कोंबड्या उधळल्या, मी दचकले, ती पीत राहिली. दूध मिळत असताना कुठलं मूल मान वळवतं, असं मी मनाला समजावलं. पण असं काही एकदा मनात शिरलं की निघत नाही. त्या दिवसापासून मी तिच्या पाठीमागे उभी राहून टाळ्या वाजवू लागले, चमचा ताटलीवर आपटू लागले, दाराआडून हाका मारू लागले. कधी ती झटकन वळून बघायची आणि माझा जीव भांड्यात पडायचा. कधी वळायचीच नाही, आणि मग माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. एकदा हो, एकदा नाही. याच्यापेक्षा सरळ 'नाही'च असतं तरी परवडलं असतं, असंही एकदा मनात येऊन गेलं, आणि आपण हे काय चिंतलं म्हणून मीच घाबरले.

"चोरासारखी काय फिरतेस त्या पोरीच्या मागे?" माझी सासू, म्माओटेंग, चुलीपाशी बसून विचारायची. "शहरात शिकून आलीस ना? तिथे हेच शिकवतात का, धडधाकट लेकरात खोट काढायला?"

"म्मा, ती कधी कधी वळत नाही."

"मीसुद्धा वळत नाही. तू हाक मारलीस की मला माहीत असतं, काहीतरी काम सांगणार."

माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली, म्हणून बाळंतपणाला मी माहेरी न जाता इथे, कालाहारीतल्या या वाळूच्या गावात, नवऱ्याच्या घरी आले होते. माझी नोकरी दूर, डांबरी रस्त्याच्या गावातल्या शाळेत, जीवशास्त्र शिकवते; सध्या रजेवर. नवरा, ओटेंग, दूर रानात गुरांच्या ठाण्यावर पाण्याचं इंजिन चालवतो आणि रविवारी घरी येतो. इथे आईला लेकराच्या नावाने हाक मारतात, म्हणून सासू म्माओटेंग आणि मी म्मारेसेगो. म्हणजे आठवडाभर घरात आम्ही तिघी: सासू, मी आणि रेसेगो. आणि माझी धास्ती. तिला धरलं तर चौघी.

दवाखान्यातल्या नर्सने रेसेगोच्या तोंडासमोर टाळी वाजवली होती. रेसेगो हसली. "छान आहे की," नर्स म्हणाली आणि पुढच्या मुलाला बोलावलं. मी म्हटलं, राजधानीत मशीनवर कान तपासतात, तिकडे पाठवा. तशी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "म्मा, तुम्ही नीट जेवताय ना?"

रेसेगो तेव्हा बसायला लागली होती, रांगायच्या बेतात होती. तिच्या वयाची शेजारची पोरं "म्मा", "पा" असलं काहीबाही बरळत होती. रेसेगो आधी बरळायची. मग हळूहळू कमी झालं. हे माझ्याखेरीज कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

त्याच सुमारास रामोगोलोंनी न्त्लोलेचं, म्हणजे वाळूत बिळं करून राहणाऱ्या, सशासारख्या उड्या मारणाऱ्या जनावराचं पिल्लू आणलं.

रामोगोलो म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. सासरे गेले, हे आहेत. शेजारच्या वाड्यात राहतात आणि दिवसातून चार वेळा कुंपण ओलांडून आमच्याकडे चहाला येतात. त्यांच्याकडे एक काठी आहे. लवचिक काठ्या एकापुढे एक बांधत नेऊन केलेली, इतकी लांब की घरात मावत नाही, छपरावर ठेवावी लागते. टोकाला लोखंडी आकडा. ती न्त्लोलेच्या बिळात सारत न्यायची, आकडा अडकला की घट्ट धरून ठेवायची आणि दुसऱ्याने वरून वाळू उकरत जायचं. त्या दिवशी आकड्याला मादी लागली आणि उकरताना तिच्या मागे एक पिल्लू सापडलं. न्त्लोलेला एका वेळी एकच पिल्लू होतं. रामोगोलोंनी मादी खांद्यावर टाकली आणि पिल्लू कोटाच्या खिशात.

"म्मारेसेगो, हे घे तुझ्या शाळेला," ते म्हणाले आणि खिसा माझ्यासमोर उलटा केला. "बघ तरी. देवाने संध्याकाळी दुकान बंद करताना उरलासुरला माल जोडून बनवलंय. कान सशाचे, शेपूट कोल्ह्याची, दात उंदराचे. आणि पुढचे हात आमच्या म्माओटेंगसारखे, नुसते तोंडाशी न्यायला."

"आणि मागचे पाय तुमच्यासारखे," सासू चुलीपासून म्हणाली. "काम दिसलं की टुणकन पळायला."

मी पिल्लू हातात घेतलं. वाळूच्या रंगाची मऊ लव, पोटाकडे पांढरट. मांजराच्या पिल्लापेक्षा जड. मागचे पाय लांबच लांब, चार बोटांचे, नखं जाड, इवल्या खुरांसारखी. पुढचे पाय आखूड, छातीशी घट्ट दुमडलेले; त्यांना मात्र पाच बोटं आणि विळ्यासारखी वाकडी, धारदार नखं. शेपूट अंगाएवढी लांब, टोकाला काळा झुपका. डोळे एवढे मोठे की सगळं डोकंच डोळ्यांसाठी बनवलंय असं वाटावं. आणि कान. उभे, पातळ, उजेडापुढे धरले तर आतल्या शिरा दिसतील असे. मी श्वास जरा जोरात सोडला तरी ते कान माझ्याकडे वळायचे. एक इकडे, एक तिकडे, दोन्ही एकदम मागे. क्षणभर म्हणून ते स्थिर नव्हते. मी त्या कानांकडे बघत राहिले, आणि मग माझ्या मुलीच्या कानांकडे.

"हे बघ," रामोगोलोंनी पिल्लाच्या कानाच्या मुळाशी बोट लावलं. तिथे कातडीचा एक लहानसा पडदा होता. त्यांनी चिमूटभर वाळू फुंकली तसा तो पडदा भोकावर बसला. "बीळ उकरताना कानात वाळू जाऊ नये म्हणून दार लावून घेतो. वर आला की उघडतो."

सासूने हातातलं काम टाकलं. उठून आली, पडदा बघितला, मग रेसेगोला उचलून तिचा कान बघितला.

"आता कळलं," ती म्हणाली. "तू पोटुशी असताना न्त्लोलेचं डोकं चाटूनपुसून खाल्लंस. मी नको नको म्हणत होते. पोरीने कानाची दारं लावून घेतलीत, दुसरं काही नाही. अजून बिळात आहे ती. पुरती वर आली की आपोआप उघडेल."

मी हसले. जीवशास्त्राच्या बाईने हसायलाच हवं होतं. पण सासू पाण्याला गेल्यावर मी रेसेगोच्या कानाच्या तोंडाशी असलेलं ते छोटं बोंड बोटाने हलवून पाहिलं. माणसात ते काही झाकत नाही, असं मीच फळ्यावर आकृती काढून मुलांना शिकवलेलं होतं. तरी हलवून पाहिलं. दोन्ही बाजूंचं.

पिल्लाला आम्ही अंगणाच्या कोपऱ्यात पत्रे उभे करून जागा केली. दिवसभर ते बसल्या बसल्या झोपायचं. मागच्या पायांवर बसून डोकं मांड्यांमध्ये खुपसायचं आणि वरून शेपटी गुंडाळून घ्यायचं. बोचक्यासारखं दिसायचं. सूर्य टेकला की बोचकं सुटायचं आणि अंगणात उड्या सुरू व्हायच्या. पुढचे पाय हवेतच, सगळं काम मागच्या दोघांवर, शेपटी तोल सांभाळायला. धप्, धप्, धप्. रेसेगोला त्याचं वेड लागलं. ते दिसलं की दोन्ही हात उडवायची.

रामोगोलो रोज येऊन त्याची पाठ चाचपायचे. "भरतंय हं. पावसाळ्यापर्यंत भांड्यात मावेल."

"रामोगोलो, ते पोरीचं आहे," मी म्हणायचे.

"पोरीलाही देऊ की एक तंगडी. डोकं मात्र नको. घरात आधीच एकाने खाल्लंय."

त्या रविवारी ओटेंग घरी आला होता. संध्याकाळ झाली होती. आमच्या जुन्या खोलीचं लाकडी दार बिजागऱ्या काढून अंगणात वाळूवर आडवं टाकलेलं असतं, रेसेगोला बसायला. नाहीतर ती मूठमूठ वाळू तोंडात घालते. ती त्या दारावर माझ्याकडे तोंड करून बसली होती. ओटेंग पायातले बूट काढत होता. पत्र्यांच्या मागून न्त्लोले निघालं, एक उडी वाळूवर, दुसरी वाळूवर, तिसरी थेट दाराच्या पार पलीकडच्या टोकावर, रेसेगोच्या पाठीमागे.

रेसेगो गर्रकन वळली.

 मग न्त्लोले खाली उतरलं, फिरून परत दारावर चढलं, आणि ती पुन्हा वळली. या वेळी दुसऱ्या बाजूने, बरोबर त्याच्याकडे.

"ओ आ उत्ल्वा!" ओटेंग एका पायातल्या बुटासकट उभा राहिला. उत्ल्वा, म्हणजे ऐकणं. ऐकते! माझी लेक ऐकते! त्याने तिला उचलून हवेत फेकलं. सासूने तोंडावर हात नेऊन लग्नात करतात तसा लांबलचक आनंदाचा चीत्कार केला, आणि तो ऐकून शेजारच्या वाड्यातून रामोगोलो चहाचा कप हातात घेऊनच आले. "काय झालं? कोणाचं लग्न ठरलं?"

"ऐकते ती!" सासू म्हणाली. "दारं उघडली! मी काय म्हटलं होतं?"

मी रडत होते. ओटेंगने मला जवळ घेतलं आणि कानात म्हणाला, "आता तरी झोप नीट. मशीनबिशीन काही नको. आमच्या घरातल्या मशीनला चार बोटं आणि एक शेपटी आहे."

मी हसले आणि रात्री खरोखर गाढ झोपले. सोमवारी तो ठाण्यावर परत गेला.

त्याच आठवड्यात कधीतरी मी रेसेगोला पाठीशी बांधून बाहेर वाळूवर ज्वारी पाखडत होते. ती जागी होती. माझ्या खांद्यावरून तिचा हात पुढे येत होता, सुपातले दाणे धरायला. कुठलासा कुत्रा कुंपणातून आत घुसला आणि त्याने पत्रा पाडला. न्त्लोले किंचाळलं. ते इतकं बारकं जनावर, पण त्याची किंकाळी अशी की अंगावर काटा यावा, लहान मूल भाजल्यावर ओरडतं तशी. माझ्या हातून सूप पडलं. चुलीपाशी सासूने "अगं बाई!" म्हणून लाकूड उचललं. रस्त्यावरून जाणारी बाई थांबून वळून बघू लागली. न्त्लोले ओरडतच होतं, कुत्रा भुंकत होता, सासू शिव्या देत होती.

रेसेगोचा हात माझ्या खांद्यावरून पुढे आला आणि माझ्या गळ्यातल्या मण्यांशी खेळू लागला. शांतपणे. एकेक मणी.

मी दचकले तेव्हा तिच्या अंगाला झटका बसला असणार, म्हणून तिने एकदा माझ्या मानेला नाक घासलं. बस, तेवढंच.

सासूने कुत्र्याला हाकललं. न्त्लोलेच्या शेपटीचा झुपका थोडा उपटला होता, बाकी ते ठीक होतं. मी तिथेच सांडलेल्या ज्वारीत उभी होते. काय सांडलंय हेही मला दिसत नव्हतं. मला आठवत होतं: स्वयंपाकघरात झाकण पडलं तेव्हा ती वळली होती, तिथे सिमेंटची जमीन आहे. मी टेबलावर चमचा आपटला तेव्हा वळली होती. ती टेबलावरच बसलेली होती. बाहेर वाळूत मी घसा फोडून हाका मारल्या तेव्हा वळली नव्हती. एकदा हो, एकदा नाही. मी इतके दिवस तिच्या कानांवर नजर ठेवून होते, आणि ती कशावर बसली आहे ते मी एकदाही बघितलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत मला धीर धरवेना. कलिंगडाची फोड घेतली, दाराच्या टोकावर ठेवली आणि पिल्लाला झोपेतून उठवलं. रेसेगोला दारावर बसवलं, पाठ फोडीकडे. धप्. वळली. तिला उचलून शेजारी वाळूवर बसवलं, हातभर अंतरावर. दुसरी फोड. धप्. नाही वळली. पुन्हा दारावर. वळली. पुन्हा वाळूवर. नाही. न्त्लोलेला बिचाऱ्याला भर उन्हात डोळे उघडवत नव्हते, पण कलिंगड सोडवत नव्हतं. मी ते इतक्या वेळा केलं की शेवटी रेसेगो कंटाळून रडायला लागली.

"काय चाललंय?" सासू मागे येऊन उभी होती.

"म्मा, तिला ऐकू येत नाही."

"परत सुरू झालं तुझं? रविवारी सगळ्यांनी बघितलं. ओ आ उत्ल्वा."

"ती कानांनी नाही करत. अंगाने करते. दार हललं की तिला कळतं."

"मग झालं तर! कान काय आणि अंग काय, तिचंच आहे ना? शेजारणीचं तर नाही?"

 आमच्या भाषेत मला म्हणायचं होतं ते म्हणायला शब्दच नव्हता. ऐकलं तरी उत्ल्वा. काटा बोचला तरी उत्ल्वा. मांस जळाल्याचा वास आला तरी उत्ल्वा, आंबील आंबट लागली तरी उत्ल्वा, मोठ्यांचा शब्द मानला तरी तेच. रविवारी सगळ्यांनी मिळून जे म्हटलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पोरीला उत्ल्वा होत होतं. आणि त्या एका शब्दाच्या आड माझी मुलगी लपून राहिली होती, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

"म्मा, तुम्ही बसा इथे," मी म्हटलं.

"मी? कशाला?"

"बसा ना. माझ्यासाठी."

मी घरातून कापूस आणला, पाण्यात भिजवून पिळला आणि तिच्या कानात घालायला लागले, तशी ती हात झटकू लागली. एवढ्यात रामोगोलो चहाला आले. "अरे वा! सासूचे कान बंद करतेस? हा शोध आधी कुठे होता? माझ्या भावाचं निम्मं आयुष्य सुखात गेलं असतं."

"यांचं तोंड बंद करायला काही आहे का बघ गं," सासू म्हणाली. पण बसली. कदाचित माझ्या चेहऱ्याकडे बघून बसली असेल. मी कापूस घट्ट बसवला, वरून लोकरीची टोपी ओढली, टोपीवर शाल गुंडाळली. तिला वाळूवर बसवलं, पाठ दाराकडे. डोळे मिटायला लावले. रामोगोलोंना खुणेने फोड ठेवायला सांगितलं. न्त्लोलेने उडी मारली. धप्. रामोगोलोंनी स्वतः होऊन एक जोरदार शिट्टीही वाजवली.

सासू तशीच बसून होती. "चला, करा की काय करायचं ते," ती मोठ्याने म्हणाली. "माझं पीठ उघडं पडलंय."

रामोगोलोंच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं उतरलं.

मग मी तिचा हात धरून तिला उठवलं आणि दारावर बसवलं, रेसेगो बसते तिथेच. डोळे मिटलेले. धप्.

सासू गर्रकन वळली.

अगदी तशीच वळली. त्याच बाजूला, मान तशीच तिरकी करून. डोळे उघडून न्त्लोलेकडे बघत राहिली. ते पुढच्या इवल्या हातांत फोड धरून खात होतं आणि त्याचे कान चारी दिशांना फिरत होते. मग तिने तळहात लाकडावर टेकवला. दाबून धरला. न्त्लोले थोडं सरकलं, तसा तिचा हात दचकला.

मी शाल सोडली, टोपी काढली, कापूस काढला. मला वाटलं ती आता भांडेल. ती म्हणाली, "मोसेकी असंच करायचा."

मोसेकी म्हणजे कोण ते मला माहीत नव्हतं. मी रामोगोलोंकडे बघितलं. ते कपाकडे बघत होते.

"माझा पाठचा भाऊ," सासू म्हणाली. ती माझ्याशी बोलत नव्हती, दाराशी बोलत असल्यासारखी बोलत होती. "जमिनीला गाल लावून पडायचा आणि हाताने खूण करायचा, गुरं येतायत. आम्ही बघायचो तर कुठे काही नाही. मग बऱ्याच वेळाने खरंच गुरं यायची. वडील म्हणायचे, याला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त उत्ल्वा होतं. लांबची गुरं ऐकतो आणि बापाची हाक ऐकत नाही. म्हणजे मुद्दाम. म्हणजे उर्मट." तिने नाक पुसलं. "गा आ उत्ल्वे, म्हणायचे. ऐकत नाही म्हणजे मानत नाही. आणि मारायचे. पट्ट्याने. का मारतायत ते त्याला कधी कळलं नाही गं. तो आमच्या तोंडाकडे बघायचा, एकेकाच्या, की काय झालं म्हणून."

"मग?"

"मग काय. मुका म्हणून नाव पडलं. गुरांच्या ठाण्यावर नेऊन ठेवला. तिथेच म्हातारा झाला, तिथेच गेला. त्याला कोणी चार खुणासुद्धा शिकवल्या नाहीत."

"ओटेंगला माहीत आहे?"

"तुझ्या नवऱ्याला वाटतं, मामा लहानपणीच गेला."

रामोगोलो कप खाली ठेवून म्हणाले, "मी बघितलाय त्याला. इंजिनाला हात लावून उभा राहायचा. बिघाड झालेला आधी त्याला कळायचा." 

रेसेगो वाळूतून रांगत, म्हणजे खरं तर पोटावर सरपटत, दारापाशी पोचली होती. तिने सासूच्या झग्याचं टोक धरलं. सासूने तिला उचललं नाही. तिने आधी पोरीसमोर स्वतःचा चेहरा आणला, पोरीने बघेपर्यंत थांबली, आणि मग उचललं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"राजधानीला जायला गाडी कधी असते?" तिने विचारलं.

"उद्या सकाळी गुरांचा ट्रक डांबरी रस्त्यापर्यंत जातो. तिथून बस. पण ओटेंगला विचारायला हवं. रविवारी तो इतका..."

"ओटेंगला मी सांगते. त्याला सांगायच्या बऱ्याच गोष्टी आहेत." आणि मग एकदम माझ्यावर उखडली, "आणि तू तोंड काय पाडतेस? पोर तुझ्या तोंडाकडे बघतेय! तिला दुसरं काय आहे बघायला?"

मला नीट करता येईना, पण मी चेहरा सरळ केला.

फोन केला तर ओटेंग चिडला. रविवारी मी डोळ्यांनी बघितलं, तुम्हाला दोघींना काय झालंय, असं म्हणत होता. सासूने माझ्या हातून फोन घेतला, घरामागे गेली आणि बराच वेळ बोलत राहिली. परत आली तेव्हा तिने फोन माझ्या हातात दिला. तो अजून लाइनवर होता. इंजिनाचा आवाज येत होता. मग म्हणाला, "तिला थंडी वाजू देऊ नकोस. ट्रकमध्ये वारा लागतो." आणि ठेवला.

रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. मी ऊठबस करत राहिले. मशीन काय सांगेल? थोडं ऐकू येत असेल? काहीच नसेल? बरळणं बंद झालं त्याआधी येत असेल का, आणि मी तिला त्याच वेळी नेलं असतं तर? रेसेगो माझ्या कुशीत पाय ताणून झोपली होती. अंधारात मी तिच्याशी बोलू शकत नव्हते. आजवर रोज अंधारात बोलत होते. कोणाशी बोलत होते?

सकाळी सासू सणाचा निळा छापील झगा घालून, डोक्याला रुमाल बांधून तयार होती. ती गावाबाहेर फार कधी गेलेली नाही. रामोगोलो ट्रकपर्यंत पोचवायला आले. पिल्लाला रोज चारा घालीन, म्हणाले.

"आणि भांड्यात घालाल," सासू म्हणाली.

"म्माओटेंग, मी काय राक्षस आहे? तू परत येईपर्यंत थांबेन. मला एकट्याला शिजवता कुठे येतं?"

ट्रककडे जाताना वाटेत सासू सारखी पुटपुटत होती. काय म्हणून विचारलं तर म्हणाली, "डॉक्टर विचारतील, उत्ल्वा होतं का. आपण हो म्हटलं तर परत पाठवतील. नाही म्हटलं तर सुई टोचून बघतील आणि ती रडेल, मग म्हणतील बाई खोटं बोलते. म्हणून आधी कान म्हणायचं. कानांनी नाही. कान शब्द आधी. तूही तसंच म्हण. विसरशील घाईत."

ट्रकवाला तरुण होता, गाणी मोठ्याने लावलेली. इंजिन धडधडत होतं, मागे गुरं हंबरत होती. मी रेसेगोला घेऊन पायरीवर पाय ठेवला तसा तो म्हणाला, "म्मा, एवढ्या गोंगाटात पोरगी एवढी शांत कशी? आमची असती तर ट्रक डोक्यावर घेतला असता."

माझ्या तोंडून नेहमीचं येणार होतं: झोपेत आहे, दमली आहे, तिचा स्वभावच गरीब. सासू माझ्या मागून म्हणाली, "तिला कानांनी ऐकू येत नाही. आम्ही त्यासाठीच चाललोय."

मोठ्याने म्हणाली. रस्त्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकलं. मी ते वाक्य आजवर कोणा परक्यासमोर उच्चारलं नव्हतं. माझे कान तापले.

ट्रकवाला ओशाळला. काय करावं ते न कळून त्याने गाणी बंद केली. मग रेसेगोकडे वाकून, गावाच्या दुसऱ्या टोकाला जाईल अशा आवाजात ओरडून नमस्कार केला, "दुमेला, म्मा! कशी आहेस?"

"अरे बाबा, ओरडून काय उपयोग!" सासू म्हणाली. "तेच तर सांगतेय. हळू बोल. पण तिच्याकडे बघून बोल."

त्याने मान डोलावली. आणखी जवळ वाकला आणि ओठ नीट हलवत, जवळजवळ कुजबुजत पुन्हा म्हणाला, "दु-मे-ला."

रेसेगो त्याच्या तोंडाकडे बघत होती, मणी बघावेत तशी एकाग्र. मग तिने स्वतःचे ओठ पुढे काढले, मिटले, पुन्हा उघडले. आवाज आला नाही. तिने परत करून पाहिलं. ट्रक सुरू झाला, गाव मागे पडलं, तरी ती ओठ उघडत मिटत राहिली, आधी त्याच्याकडे बघून, मग आजीकडे, मग माझ्याकडे. मी तिला उत्तर देत होते, आवाज न करता, पुन्हा पुन्हा, बरोबर करते आहे की चूक ते माहीत नसताना.